खर्जाचा हिशेब: मोठेपणी तंबोऱ्यापाशी बसणाऱ्यांसाठी

"मला काही स्टेजवर गायचं नाहीये हो, जरा मन शांत व्हावं, एवढंच." गाण्याच्या क्लासच्या दारात चपला काढता काढता चाळिशी-पन्नाशीची माणसं हे वाक्य हमखास म्हणतात. मीही म्हटलं होतं. वय एक्केचाळीस, रक्तदाबाची गोळी नुकतीच सुरू झालेली, आणि मोबाइलवर बघून ध्यानाचे तीन-चार प्रकार करून झालेले. आमच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "शांती-बिंती मला शिकवता येत नाही. तंबोरा जुळवायला शिकवते. चालेल?"

त्याला अकरा वर्षं झाली. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं मोठं गाणं, मला अजूनही धड मांडता येत नाही. तंबोरा मात्र जुळतो, आणि नव्याने येणाऱ्यांना तो हातात द्यायचं काम बाईंनी आता माझ्यावर टाकलंय. त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथे लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या वाटेने गेल्यावर आत्मज्ञान होतं का, हे सांगण्याची माझी लायकी नाही. पण डोळे मिटून नुसतं बसण्यात आणि तंबोऱ्यापुढे सा लावून बसण्यात एक फरक मी स्वतः अनुभवलाय. नुसतं बसलं की अर्धा तास मन बाजार फिरून येतं आणि उठताना आपणच आपल्याला सांगतो की आज छान लागलं ध्यान. तंबोऱ्यापुढे ही सवलत नाही. मन सरकलं की सूर सरकतो, सूर सरकला की तार आणि गळा यांच्यात थरथर उठते आणि ती कानाला ऐकू येते. सगळा व्यवहार रोखीचा. म्हणून मी याला हिशेब म्हणतो.

हिशेबाची उपमा माझ्या पदरची असली, तरी तिला एक जुना धागा आहे. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं, हुद्दा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा प्रमुख. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला, आणि आजही हिंदुस्थानी व कर्नाटक दोन्हीकडचे लोक त्याचा आधार घेतात. त्यात तो नादाचे दोन प्रकार सांगतो. अनाहत, म्हणजे आघाताशिवाय आत उमटणारा, आणि आहत, म्हणजे आघाताने निर्माण होणारा. अनाहताची उपासना मुनी करतात, त्याने मुक्ती मिळते, पण त्यात रंजन नाही, असं तो सरळ लिहितो. म्हणून बाकीच्यांसाठी तो आहत नादाची वाट उलगडतो. ती लोकांचं रंजनही करते आणि भवबंधही तोडते, असं त्याचं म्हणणं. मला हा जमाखर्चवाला माणूस फार आवडतो. त्याने आपल्यासारख्यांची कुवत ओळखली होती. तेव्हा आपण तार छेडण्यापासून सुरुवात करू.

आधी तुमचा सा शोधा

गाण्यातला सा कुठेही ठोकून बसवलेला नसतो. तुमचा गळा जिथे सहज उभा राहतो तिथे तुमचा सा. सकाळी उठून थोडं बोलणं-चालणं झालं, एखादा चहा झाला की बसा, आणि कुणाला तरी हाक मारल्यासारखा, पण ओरडून नव्हे, "आ" लावा. मग त्याच्या खाली उतरून बघा. खालच्या सप्तकातल्या पंचमापर्यंत (प) आवाज विरून न जाता पोचला पाहिजे, आणि वर तार सप्तकातल्या, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, गंधार-मध्यमापर्यंत (ग-म) मान ताठ न होता जाता आलं पाहिजे. दोन्ही जमतं ती पट्टी तुमची.

हार्मोनियमवरच्या पट्ट्यांत सांगायचं तर पुरुषांची बहुतेक वेळा काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास निघते, बायकांची काळी चार किंवा पाच. हा अंदाज आहे, नियम नाही. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक काका येतात. ते वर्षभर काळी एकचा हट्ट धरून बसले, कारण त्यांचे आवडते गवई त्या पट्टीत गायचे. पांढऱ्या सातवर आले आणि महिन्याभरात त्यांचा खोकला थांबला.

जाता जाता: 'चारशे बत्तीस कंपनांचा दिव्य स्वर', 'अमुक कंपनांनी अमुक चक्र जागृत' असले व्हिडिओ तुमच्याकडे आलेच असतील. आपल्या संगीतात सा ची कंपनसंख्या ठरलेलीच नाही, ती माणसागणिक बदलते. बाकी विचार तुमचा तुम्ही करा.

ॲप, पेटी की खरा तंबोरा

पहिले सहा महिने मोबाइलवरचं तंबोऱ्याचं ॲप चालेल. फक्त ते मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर लावू नका. त्यातून खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची, तार जवळजवळ ऐकूच येत नाही, वरचा नुसता झणझणाट येतो. एखादा बरा स्पीकर जोडा. क्लासमध्ये ठेवलेली विजेवरची तंबोऱ्याची पेटीही चांगली. दोन्हींत खोट एकच आहे: ते आधीच जुळलेले असतात. म्हणजे स्वयंपाक न शिकता डबा लावल्यासारखं. पोट भरतं, हात तयार होत नाही.

खरा तंबोरा घ्यायचा झाला तर महाराष्ट्रात मिरजेला जावं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून तिथे ही कारागिरी एकोणिसाव्या शतकात सुरू झाली आणि अजून चालू आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. या तंबोऱ्यांना लागणारे मोठे, जाड सालीचे, कडू भोपळे भीमेकाठच्या पंढरपूर भागातून येतात. ते खाण्याचे नव्हेत, वाद्यासाठीच पिकवलेले आणि वाळवलेले असतात. कारागिराच्या दुकानात अर्धा दिवस काढायची तयारी ठेवून जा. दांडीच्या टोकाला डोळा लावून ती सरळ आहे का बघा. भोपळ्यावर बोटाने टिचकी मारत फिरा, कुठे आवाज फुटका आला तर तिथे चीर असते. चारही खुंट्या फिरवून बघा. मग तार छेडा आणि सोडून द्या, आणि आवाज किती वेळ हवेत राहतो ते ऐका. तंबोऱ्याची खरी परीक्षा ही शेवटची.

माझा पहिला तंबोरा मी हे काहीच न करता, फोटो बघून, ऑनलाइन मागवला होता. आला तो सुंदर. नक्षी, मोर, सगळं. दांडीला बाक होता आणि दुसरी खुंटी दहा मिनिटांत घसरायची. परत घ्यायला कुणी तयार नाही. तो आता बैठकीच्या खोलीत शोभेला आहे, आणि पाहुणे त्याचंच कौतुक करतात.

नवा परवडत नसेल तर ओळखीत विचारा. कित्येक घरांत आत्याचा, आजीचा तंबोरा कपाटावर चादरीत गुंडाळून पडलेला असतो. तारा, त्या जिच्यावर टेकतात ती घोडी आणि जवारी (तारेची गुंज) नवी करून घेतली की तो पुन्हा बोलतो. आणायचा तर गोधडीत गुंडाळून मांडीवर धरून आणा. गाडीच्या डिकीत टाकू नका.

बसणं आणि छेडणं

सतरंजीवर मांडी घालून, पाठ भिंतीला न टेकता. तंबोरा उभा धरा किंवा मांडीवर आडवा ठेवा, सुरुवातीला आडवा सोपा. उजव्या हाताची बोटं तारांना समांतर, जवळजवळ तारांवर निजलेली. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तिन्ही तर्जनीने. नख लावायचं नाही. बोटाच्या गादीने तारेवरून नुसतं उतरायचं, ओढायचं नाही. चार तारांची एक फेरी साधारण चार-पाच सेकंदांत. चौथ्या तारेनंतर किंचित थांबा, तिला बोलून घेऊ द्या.

नवख्यांची एक सवय लगेच दिसते: गाता गाता तंबोऱ्याचा ठेका धरतात. तंबोरा तालवाद्य नाही. तुमचा श्वास संपो, स्वर बदलो, त्याची फेरी आपल्या चालीने चालू राहते. हे जमायला मला तीन महिने लागले. पहिले काही दिवस गायचंच नाही, वीस मिनिटं फक्त छेडत बसायचं. कंटाळा येतो. येऊ द्या.

जुळवणं

याला घाई करू नका, कारण माझ्या मते सगळं शिक्षण इथेच आहे.

चार तारा आहेत. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे मध्य सप्तकाच्या सा च्या, आणि शेवटची जाड पितळी तार खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. मालकंससारख्या पंचम नसलेल्या रागाला पहिली तार मध्यमावर घेतात आणि मारव्याला निषादावर, पण त्याचा विचार पुढच्या वर्षी.

सुरुवात जोडाच्या एका तारेपासून. हार्मोनियमच्या पेटीवर तुमचा सा दाबून ठेवा आणि तार आधी त्याच्या खाली उतरवा. मग खुंटी आत दाबत दाबत हळूहळू वर चढवा. वरून खाली येऊन जुळवलेली तार टिकत नाही, खालून चढवलेली टिकते. खुंटी घसरत असेल तर ती काढून तिला खडू घासा. हो, फळ्यावरचा पांढरा खडूच. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि खुंटी अडते, तेव्हा तिच्याशी मारामारी करू नका. तार तुटून गालावर बसते. मला बसली आहे.

आता जोडाची दुसरी तार. पेटी बंद करा. दोन्ही तारा एकापाठोपाठ छेडा आणि ऐका. त्या जवळजवळ सारख्या असल्या, पण अगदी सारख्या नसल्या, की आवाजात एक हेलकावा ऐकू येतो. वँव-वँव-वँव, पाळण्यासारखा. खुंटी केसभर फिरवली की हेलकावा मंदावतो. अजून थोडी फिरवली की पाळणा एखाद-दोन सेकंदांनी एकदाच झुलतो. म्हणजे दोन तारांमध्ये सेकंदाला अर्ध्या-एका कंपनाचा फरक उरला. इथून पुढे खुंटी जाडी पडते. घोडीच्या पलीकडे तारेत ओवलेला मणी असतो, तो नखाने किंचित पुढे-मागे सरकवायचा. आणि मग एका क्षणी पाळणा थांबतो. दोन तारा दोन राहत नाहीत.

हा क्षण मी शब्दांत पकडायचा प्रयत्न सोडून दिलाय. फक्त एवढं सांगतो की तो ओळखायला कान 'तयार' लागत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या एका भाजीवाल्या मावशींनी पहिल्याच दिवशी मान वर करून विचारलं, "आता एकच वाजतीय ना?"

त्यानंतर खर्ज, जोडाशी ताडून. आणि सगळ्यांत शेवटी पंचम.

मग जवारी. घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये प्रत्येक तारेखाली सुती दोरा सरकवायचा. दोरा नसताना तार कोरडी वाजते. तो आत घेत घेत जा, एका ठरावीक जागी तार एकदम खुलते, मधमाश्यांसारखी गुंजायला लागते. केसभर पुढे गेलात की पुन्हा बसते. चारही तारांचा रंग सारखा आला पाहिजे. असं का होतं? कंप पावणारी तार त्या उतारावर हलकेच घासत राहते आणि त्यामुळे तिच्यातले वरचे सूक्ष्म स्वर जागे राहतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर जो निबंध लिहिला, त्यात तंबोरा आणि वीणेच्या या घोडीचीच गोष्ट आहे.

पहिल्या महिन्यात या सगळ्याला पाऊण तास लागेल. गायला वेळच उरणार नाही. त्याबद्दल बाईंकडे तक्रार केली, तर त्या म्हणाल्या, "मग आज एवढंच." पुढे कधीतरी वाचनात आलं की कुमार गंधर्वांचा तंबोरे जुळवण्यावर किती कटाक्ष असे. आजारपणात त्यांचं गाणं जवळजवळ पाच वर्षं बंद होतं. देवासला अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली, नाथपंथी भजनं ऐकली. गाणं थांबलेला माणूस ऐकत होता. तेव्हा मला माझ्या पाऊण तासाची लाज वाटेनाशी झाली.

खर्ज

खालच्या सुरांत गळा लावायचा हा रोजचा रियाज. पहाटेची वेळ चांगली, पण पाचचा हट्ट नको. शेजारी उठले असतील आणि रस्त्यावरची वर्दळ सुरू झाली नसेल ती वेळ. पोट रिकामं किंवा हलकं. पंखा बंद. कोमट पाणी जवळ ठेवा.

मध्य सप्तकातला सा आकारात लावा. एका श्वासात जेवढा टिकेल तेवढा, शेवटचं टोक पिळायचं नाही. श्वास घ्या, तंबोऱ्याची एक पूर्ण फेरी गप्प राहून ऐका, मग पुन्हा सा. असं दहा वेळा. ही गप्प राहण्याची फेरी बहुतेक लोक खातात. तीच महत्त्वाची आहे.

मग एक पायरी खाली, शुद्ध निषाद (नी). पाच-सहा श्वास. पुन्हा सा वर येऊन जागा तपासा. मग धैवत (ध). पुन्हा सा. मग पंचम. पहिले दोन-तीन महिने पंचमाखाली उतरू नका. बायकांना त्याखाली जायची गरज बऱ्याचदा पडतच नाही. आवाजात नुसती हवा उरली, हनुवटी छातीकडे जायला लागली, किंवा घशात घर्रघर्र आली की तिथे थांबायचं. खर्ज म्हणजे जमीन खणणं नव्हे. भार सोडत सोडत खाली उतरायचं असतं, तरच खालचा आवाज भरतो.

सगळं मिळून वीस मिनिटं. रोज. रविवारी दीड तास आणि बाकी सहा दिवस शून्य, हा हिशेब गळा मान्य करत नाही.

आता आतलं काम. सा लावलाय, तंबोरा चालू आहे, आणि तुम्हाला गॅस सिलिंडर नोंदवायचा राहिला हे आठवतं. आठवणारच. त्या क्षणी काय होतं ते ऐका. जोड जुळवताना ऐकलेला तोच हेलकावा आता तुमचा गळा आणि तार यांच्यात सुरू होतो. मनाला दटावायचं नाही, सूर कुठे हलला एवढंच बघायचं आणि तो पुन्हा तारेत नेऊन ठेवायचा. तुमचा आवाज अगदी बरोबर लागला की तो तुम्हाला ऐकू येईनासा होतो. तंबोरा एकदम मोठा झाल्यासारखा वाटतो, आणि आपण गातोय की नाही अशी शंका येते. घाबरून आवाज वाढवू नका. नवखे नेमके तिथेच आवाज वाढवतात, कारण आपलाच आवाज नाहीसा होणं कुणाला आवडत नाही. याबद्दल मोठमोठे शब्द वापरायची माझी इच्छा नाही. बाईसुद्धा एवढंच म्हणतात, "गेलास ना? छान. परत जा."

आठवड्यातून एकदा दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा आणि महिन्याने ऐका. लगेच ऐकू नका, उगाच खचाल.

गंधाराची वाट

तंबोऱ्यात चारच तारा, सा आणि पंचमाच्या. पण नीट जुळल्यावर त्यात गंधार ऐकू येतो. कुणी न छेडलेला. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कथा-कीर्तनातून हे ऐकलं होतं तेव्हा मला वाटायचं, असेल काहीतरी भाविकांचं. तसं नाही. तार अख्खी हलते तशीच तिच्या अर्ध्यात, तिसऱ्या भागात, पाचव्या भागातही हलत असते, आणि पाचव्या भागातलं कंपन म्हणजेच वरच्या सप्तकातला गंधार.

तो शोधायची एक युक्ती आहे. घोडीपासून वरच्या अटीपर्यंत, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपर्यंत, खर्जाच्या तारेची लांबी टेपने मोजा. तिचा पाचवा भाग काढा आणि घोडीपासून तेवढ्या अंतरावर डाव्या हाताचं बोट तारेला फक्त टेकवा, दाबू नका. उजव्या हाताने तार छेडा आणि बोट लगेच उचला. बारीक, काचेसारखा गंधार येईल. तो कानात धरा. आता बोट न लावता नुसती खर्जाची तार छेडा आणि तिच्या शेपटाकडे लक्ष ठेवा. पेटीवरच्या गंधारापेक्षा हा किंचित उतरलेला असतो, म्हणून पेटीशी ताडू नका, फसाल.

काहींना तो पहिल्या आठवड्यात सापडतो. मला सात महिने लागले, आणि तेही दिवे गेले होते तेव्हा. फ्रिज बंद, सोसायटीची मोटर बंद. एकदा ऐकू आला की मग तो कायम तिथेच होता हे कळतं, आणि जरा ओशाळायला होतं.

गुरू आणि क्लास

एकट्याने इथवर येता येतं, पुढे नाही. कारण साधं आहे: आपण बेसूर झालो हे आपल्या कानाला कळतं, पण का झालो ते समोरच्याला दिसतं. जबडा आवळलाय, खांदा वर गेलाय, श्वास छातीतच अडकलाय.

मोठ्या वयात, नोकरी सांभाळून, फी भरून गाणं शिकता येतं याचं आपल्याला आज काही वाटत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी गाणं म्हणजे गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहून, पाणी भरून मिळवायची गोष्ट होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी अशीच हालअपेष्टा काढून महाराष्ट्रात आणली. त्यांच्याकडे मिरजेत शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि ही दारं तुमच्या-माझ्यासाठी उघडली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा त्यांच्याच परंपरेतल्या. त्या द्याव्यात का? शिस्त लागत नसेल तर जरूर द्या. पण पाठ केलेल्या वीस बंदिशी आणि न लागणारा सा, अशी प्रमाणपत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत.

शिक्षक निवडताना दोनच गोष्टी बघा. पहिल्या तासाला ते तुमचा सा शोधतात की सगळ्यांना एकाच पट्टीत बसवतात? आणि 'माहीत नाही' असं कधी म्हणतात का? तुमच्या आयुष्याचे प्रश्न गाण्यातून सोडवून देतो म्हणणारा, किंवा फीचा आकडा 'दीक्षे'च्या नावाने वाढवत नेणारा भेटला, तर नमस्कार करून चपला घालाव्यात.

घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच असेल तर खर्ज थांबवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. हळद-मधावर महिने काढू नका.

क्लास, तंबोरा, काहीच जमण्यासारखं नसेल तर

तर गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीण्याचा पहारा मागा. हे मी गमतीने म्हणत नाहीये. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा आणि देणारा एकमेकांच्या पाया पडतात. पहाऱ्याला बहुधा दोन-दोन तासांची पाळी असते. ही वीणा म्हणजे तंबोऱ्याचंच आटोपशीर रूप, पडदे नाहीत, छेडायची फक्त. वारकऱ्यांनी हे शिक्षण फुकट आणि सगळ्यांसाठी ठेवलंय, आणि आपण शहरात त्याला 'साउंड मेडिटेशन' म्हणून पैसे भरतो.

मी आजोळी एकदा रात्री दोन ते चारची पाळी घेतली. मंडपात एक ट्यूब, तिच्याभोवती किडे, कोपऱ्यात चार माणसं घोंगडी पांघरून निजलेली. माझ्या आधी ज्यांची पाळी होती ते ऊसतोडीवरून आलेले होते. वीणा माझ्या गळ्यात घालताना त्यांनी एक तार उतरली होती ती खुंटीला हात लावून सहज चढवली, कुठलंही ॲप न बघता, बोलता बोलता. मी विचारलं, कुठे शिकलात? "आता धरायचीच म्हटल्यावर..." एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

पट्टा खांद्याला काचतो, म्हणून आत जाड सदरा घाला. चप्पल नसते, थंडीत पाय गारठतात. पहिला अर्धा तास सतत घड्याळाकडे लक्ष जातं.

पहिल्या दिवशी येताना

एक खडू. शिवणाच्या सुती दोऱ्याचं रीळ, पांढरं, नायलॉनचं नको, ते तारेखालून निसटतं. बारीक कात्री. बोटांची नखं कापलेली. वही आणली तरी चालेल, पण पहिले दोन महिने तिच्यात लिहायला काही मिळणार नाही. मोबाइल बंद करून चपलांपाशी ठेवायचा. आणि येण्याआधी घरी कुणाशी भांडण झालं असेल तर दहा मिनिटं जिन्यातच बसून मग वर या, नाहीतर खुंटी तोडाल. तशा दोन मोडून झाल्या आहेत.